दिवसभर एन-९५: नाकावरचे वळ, डोकेदुखी, तहान... तुमच्याकडे काय करतात?

वॉर्डसिस्टर

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात छातीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. कोविड सरला तसे लोकांचे मास्क उतरले, आमचे उतरले नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा पेशंट समोर खोकत असताना एन-९५ लागतोच. २०२० च्या आधीही लागत होता, पुढेही लागणार.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. मास्कमुळे शरीराला जे होतं त्याबद्दल कुणाशी बोलायला गेलं की "सवय होईल" एवढंच ऐकायला मिळतं. मला ते मान्य नाही. आमच्या वॉर्डात काय दिसतं ते लिहिते.

नाकाच्या हाडावर, मास्कच्या वरच्या कडेला जी वाकवायची धातूची पत्ती असते तिच्याखाली, लाल वळ सगळ्यांनाच येतात. लागोपाठ ड्युट्या लागल्या की तिथली कातडी सोलवटते, खपली धरते, आणि दुसऱ्या दिवशी मास्क काढताना ती खपली मास्कबरोबरच निघून येते. मग मुली काय करतात, तर पत्तीखाली गॉझची घडी ठेवतात. आराम पडतो, पण घडीच्या दोन्ही बाजूंनी फट राहते. एका सिस्टरच्या चष्म्यावर दर श्वासाला वाफ धरत होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची हवा सगळी वरूनच ये-जा करतेय. गाळलेली हवा तिच्या वाट्याला जवळजवळ येतच नव्हती.

त्याशिवाय दुपारनंतर कपाळाच्या दोन्ही बाजूंनी ठणका, हनुवटीवर फोड, कोरडा घसा, डोळ्यांची जळजळ. मे-जूनमध्ये तर मास्क आतून पिळून काढावा इतका ओला होतो.

यातलं मास्कचं मुळातलं किती आणि आपल्याला तो ज्या पद्धतीने घालायला लावतात त्यामुळे किती? डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, मावशी, मामा, ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

छाती_रेसिडेंट

सिस्टर, बरं झालं हा धागा काढलात. डोकेदुखीवर थोडं लिहितो, कारण हाऊसमन असल्यापासून ती माझी सोबतीण आहे.

ही तक्रार सार्सच्या, म्हणजे कोविडसारख्याच २००३ च्या साथीच्या, वेळेपासून नोंदलेली आहे. सिंगापूरमध्ये २१२ आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारलं तेव्हा ३७.३ टक्के लोकांनी एन-९५ मुळे डोकं दुखतं असं सांगितलं, आणि सलग चार तासांच्या वर घालणाऱ्यांत ते जास्त होतं. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. २०२० मध्ये तिथेच १५८ जणांना पुन्हा विचारलं. या वेळी मास्कच्या जोडीला गॉगलही होते, आणि १२८ जणांना, म्हणजे ८१ टक्क्यांना, किट घातल्यावर नव्याने डोकेदुखी सुरू झाली होती.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी' असा वेगळा प्रकारच आहे. दाब सुरू झाल्यापासून तासाभरात दुखायला लागतं, जिथे दाब तिथेच जास्त दुखतं, आणि पट्टा काढल्यावर तासाभरात थांबतं. तुमचा ठणका असा वागत असेल तर तो पट्ट्याचा समजा. घरी जाऊनही रात्रभर राहत असेल, उलटीसारखं होत असेल, तर ते मायग्रेन असू शकतं. ज्यांना आधीपासून मायग्रेन आहे त्यांचं मास्कने वाढतं हेही त्या अभ्यासांत दिसलंय. त्यांनी गोळ्या गिळत दिवस काढू नयेत, मेडिसिनला दाखवावं.

दादरकर_आजोबा

माझी मुलगी आयसीयूत आहे. बारा तासांची नाईट करून घरी येते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखं येतं की मास्कमुळे रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठून मेंदूवर परिणाम होतो. यात तथ्य आहे का? जाणकारांनी कृपया नीट सांगावं. मुलगी "बाबा, असं काही नसतं" म्हणून विषय संपवते.

श्वासवैद्य

आजोबा, मुलगी बरोबर सांगतेय, पण तुमची शंकाही अगदी हवेतली नाही. सविस्तर सांगतो.

आपण सोडलेल्या हवेत चार ते पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्यातली थोडी हवा मास्क आणि चेहरा यांच्यामधल्या पोकळीत राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर पुन्हा आत जाते. अमेरिकेत २०१० मध्ये दहा आरोग्य कर्मचाऱ्यांना एन-९५ घालून तासभर ट्रेडमिलवर चालवलं होतं. पोकळीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास निघाला, म्हणजे कामाच्या जागेच्या हवेसाठी जी मर्यादा ठरलेली आहे तिच्या कितीतरी वर. ग्रुपवर फिरतो तो आकडा बहुधा इथूनच उचललेला असतो. त्याच लोकांच्या शरीरात काय झालं ते मात्र कुणी पुढे पाठवत नाही. नाडी, श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, कशातही काळजी करण्यासारखा फरक नव्हता. कारण ती पोकळी लहान असते, आणि प्रत्येक श्वासात बाहेरची ताजी हवा तिच्यापेक्षा कितीतरी जास्त येते.

२०१३ मध्ये बारा तासांची ड्युटी करणाऱ्या दहा नर्सेसवर असाच अभ्यास झाला. कार्बन डायऑक्साइड सुरुवातीपेक्षा वाढला, पण आजाराच्या पातळीला गेला नाही. दम लागल्यासारखं वाटणं, डोकं दुखणं, गरगरल्यासारखं वाटणं या तक्रारी मात्र दिवस चढेल तशा वाढल्या.

म्हणजे त्रास खरा आहे, कारण वेगळं आहे. एक तर मास्कच्या कापडातून हवा ओढायला जोर लागतो. त्याला किती रोध चालेल याची मर्यादा ठरलेली आहे: मिनिटाला ८५ लिटर हवा जात असताना श्वास घेताना ३५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतका, सोडताना २५. नव्या कोऱ्या मास्कचा रोध त्याच्या बराच खाली असतो. घामाने मास्क भिजला की हवा ओढणं जड जातं. शिवाय ओठ-गालांभोवतीची हवा गरम आणि दमट झाली की मेंदूला ते गुदमरल्यासारखंच वाटतं, ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी.

गरोदर सिस्टर, दमा असलेले आणि हृदयाचा त्रास असलेले यांचं वेगळं बघायला हवं. २७ ते ३२ आठवड्यांच्या गरोदर आरोग्य सेविकांवर सिंगापुरात झालेल्या चाचणीत एन-९५ च्या कापडातून श्वास घेताना प्रत्येक श्वासात आत जाणारी हवा कमी झालेली दिसली. यावरून लगेच बाळाला धोका आहे असं होत नाही. पण त्यांना जड कामाच्या ड्युट्या देऊ नयेत आणि मध्ये सुट्टी जास्त द्यावी, एवढं म्हणायला हे पुरेसं आहे.

दादरकर_आजोबा

मनापासून आभार डॉक्टर. एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. तिला आज दाखवतो.

त्वचा_ओपीडी

चेहऱ्याचा विषय माझा, म्हणून जरा लांबण लावते.

२०२० मध्ये हुबेईत कोविड वॉर्डात काम करणाऱ्यांचं सर्वेक्षण झालं. उत्तर देणाऱ्या ५४२ पैकी ५२६ जणांच्या कातडीला इजा झाली होती, म्हणजे ९७ टक्के. सगळ्यात जास्त इजा नाकाच्या हाडावर, आणि सहा तासांहून जास्त वेळ मास्क-गॉगल घालणाऱ्यांत ती जास्त. तेव्हा सिस्टरच्या वॉर्डातल्या मुलींची कातडी काही नाजूक वगैरे नाही. नाकाच्या हाडावर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. तिथे तासन्‌तास दाब पडला की बारीक रक्तवाहिन्या चेपतात, आणि वर घामाने कातडी फुगलेली असली की सोलवटायला वेळ लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कमरेवर जखम होते, तिचं कारण आणि हिचं कारण एकच. आपण पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून देतो. स्वतःच्या नाकाला तेवढीही सवलत देत नाही.

उपाय सांगते. गॉझची घडी नको, ती ओलावा धरते आणि मास्क उचलून धरते. कातडी फुटायच्या आधीच नाकावर पातळ हायड्रोकोलॉइड (जेलसारख्या थराची चिकट) पट्टी किंवा सिलिकॉनची पातळ फोम पट्टी लावा. जाड नको. लावल्यावर मास्क घालून सील तपासा, म्हणजे मास्क कडेने चेहऱ्याला घट्ट चिकटलाय ना ते बघा. हवा निसटत असेल तर पट्टी बदला. कातडी फुटलेली असेल तर त्या दिवशी वेगळ्या आकाराचा मास्क मागा, म्हणजे दाब दुसऱ्या जागी जाईल.

ड्युटीच्या अर्धा तास आधी साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून जिरू द्या. व्हॅसलिन लावून मास्क चढवू नका. तेलकट थरावर मास्क सरकतो आणि सील धरत नाही. फोडांसाठी दिवसाचा मेकअप बंद, ड्युटीनंतर सौम्य फेसवॉश, घासणं नाही. तरी कमी नाही झाले तर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीन रात्री, तेही आधी दाखवून. सार्सच्या वेळी सिंगापूरमध्ये एन-९५ घालणाऱ्यांपैकी ५९.६ टक्क्यांना मुरुम आले होते आणि ५१.४ टक्क्यांना खाज होती. तेव्हा लाज वाटून लपवण्यासारखं यात काही नाही.

आता सगळ्यात कळकळीने सांगायचं ते. आपल्या कातडीवर दाबाचा किंवा फोडाचा डाग काळा पडतो आणि महिनोन्‌महिने राहतो. मुली घाबरतात आणि नाक्यावरच्या केमिस्टकडून 'डाग घालवणारी' ट्यूब आणतात. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, केस येतात, आणि ट्यूब सोडली की सगळं दुपटीने उसळतं. मास्कने केलेलं नुकसान भरून येतं. या ट्यूबने केलेलं भरायला वर्षं लागतात. मैत्रिणींनो, एवढं एक करू नका.

पट्ट्याच्या रेषेतच खाज आणि पुरळ येत असेल तर रबरातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी असू शकते. पूर्ण चेहऱ्याला मास्कच्या आकाराचाच चट्टा येत असेल तर कापडातल्या फॉर्मल्डिहाइडचीही नोंद झालेली आहे. अशा वेळी पॅच टेस्ट (संशय असलेले पदार्थ कातडीवर लावून अ‍ॅलर्जी बघणं) करून घ्या आणि मास्कचा ब्रँड बदलून बघा.

रबाळे_सेफ्टी

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. नवी मुंबईत केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे धुळीत काम करणाऱ्या हेल्परलासुद्धा मास्क देण्याआधी फिट टेस्ट होते. डोक्यावर हूड घालतात, आत सॅकरिनचा फवारा मारतात. आधी मास्कशिवाय गोड लागतंय का ते बघतात, मग मास्क घालून. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, वर-खाली, मोठ्याने बोलणं, वाकणं. यात कधीही गोड लागलं की तो मास्क त्या माणसाचा नाही, दुसरा आकार द्यायचा. सॅकरिन कळत नाही त्याला कडू द्रावण. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. अमेरिकेत हे दर वर्षी करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथे रुग्णालयंही त्यात आली.

माझा प्रश्न सरळ आहे. दिवसभर टीबीच्या वॉर्डात उभ्या असणाऱ्या सिस्टरची ही टेस्ट कोण करतं?

दाबाचं म्हणाल तर बहुतेक वेळा चुकीचा आकार हेच कारण असतं. मोठा मास्क लहान चेहऱ्यावर बसत नाही म्हणून माणूस पट्टे ताणतो, पत्ती चिमटून धरतो, आणि मग वळ उठतात. पत्ती एका हाताने चिमटू नये, तिथे टोक येतं. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यावी. वरचा पट्टा डोक्याच्या माथ्याकडे, खालचा मानेवर कानांच्या खाली. दोन्ही मानेवर घेतलेले खूप जण बघतो, त्यात वरची बाजू उघडी राहते. कानात अडकवायचे मास्क कानामागे कापतात आणि चेहऱ्यावर तितके घट्ट बसतही नाहीत. आणि दाढी असेल तर कुठलाच घट्ट मास्क सील धरणार नाही, मग तो कितीही महाग असो.

वॉर्डसिस्टर

दादा, उत्तर देते: कुणीच करत नाही. खोक्यात जो आकार येतो तो सगळ्यांना. आमच्यात साडेचार फुटाच्या सिस्टरही आहेत आणि सहा फुटी ब्रदरही.

मावशीची_लेक

माझी आई एका रुग्णालयात मावशी आहे, कंत्राटी. डॉक्टर-सिस्टर लिहितात ते सगळं तिलाही होतं. पण तिला मास्क आठवड्याला एक मिळतो. घरी आणून ती तो साबणाच्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घालायची. मी ओरडले तर म्हणाली, घामाचा वास येतो गं.

आणि तहानेबद्दल अजून कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. आई ड्युटीवर जाताना पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं तर मास्क काढून बाथरूमला जावं लागतं, आणि मास्क पुन्हा घालायचा तर तोच ओला. त्यात बायकांचं बाथरूम खालच्या मजल्यावर. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालंय. पावडर-गोळ्या खाऊन पुन्हा कामावर.

श्वासवैद्य

ताई, दोन गोष्टी लगेच सांगतो. एन-९५ धुवायचा नसतो. त्यातला मधला थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक धाग्यांचा असतो आणि त्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, पकडायला सगळ्यात अवघड कण तो ९५ टक्के अडवतो ते बऱ्याच अंशी या भारामुळे. साबणाने किंवा स्पिरिटने तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, काम करत नाही. पुरवठा अगदीच कमी असेल तर पाचेक मास्क आलटून-पालटून वापरावेत, प्रत्येक वेगळ्या कागदी पिशवीत, नाव-वार लिहून. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओलावा राहतो. फाटला, भिजला, पट्टा सैल झाला की टाकायचा.

दुसरं, पाण्याचं. डोकेदुखी, चक्कर, थकवा, लघवीची जळजळ, यातला मोठा भाग न प्यालेल्या पाण्याचा आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तो किती गेला हे कळतही नाही. यावर औषध लिहून देण्यासारखं काही नाही. सुट्टी आणि जवळचं बाथरूम हवं. सलग वापराबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या टंचाईतसुद्धा सहा तासांपर्यंत असं म्हटलं होतं. आपण ते बारा करून टाकलं.

बोलके_यंत्र

मी वाचा-उपचारतज्ज्ञ. कोरड्या घशाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. एन-९५ मधून बोलताना वरच्या पट्टीतले आवाज १२ डेसिबलपर्यंत कमी पोचतात. साध्या सर्जिकल मास्कमध्ये ही घट तीन-चार डेसिबलच असते. स, श, त, क हे उच्चार त्यातच हरवतात. म्हणून सिस्टर ओरडून बोलतात आणि ड्युटी संपेपर्यंत आवाज फाटतो. मोठ्याने नका बोलू, सावकाश आणि तोडून बोला, पेशंटच्या समोर उभं राहून. औषधाच्या वेळा कागदावर लिहून दिल्या तर निम्मं बोलणं वाचतं.

छाती_रेसिडेंट

डोळ्यांच्या जळजळीचं राहिलं. पत्ती नीट बसली नाही की सोडलेला श्वास वर डोळ्यांत जातो आणि ओलावा सुकवतो. म्हणजे डोळे चुरचुरणं आणि चष्म्यावर वाफ या एकाच फटीच्या दोन खुणा आहेत. ड्रॉप्स घाला, पण आधी फट बुजवा.

आणखी एक. आपण सगळं ओझं स्टाफच्या नाकावर टाकतोय. पेशंटच्या तोंडावर साधा सर्जिकल मास्क असला तरी खूप फरक पडतो. दक्षिण आफ्रिकेत टीबी वॉर्डातली हवा गिनीपिगच्या दोन वेगळ्या खोल्यांत सोडून बघितलं. पेशंटनी मास्क घातलेल्या दिवसांची हवा मिळालेल्या ९० पैकी ३६ गिनीपिगना संसर्ग झाला, मास्क नसलेल्या दिवसांची हवा मिळालेल्या ९० पैकी ६९ ना. २०१२ चा अभ्यास. त्यात खिडक्या उघड्या ठेवल्या, नर्सिंग स्टेशन वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेतलं आणि विश्रांतीची खोली वॉर्डापासून वेगळी ठेवली, की सिस्टरना मास्क काढायला एक तरी सुरक्षित जागा मिळते. जुन्या इमारतींना उंच छत आणि मोठ्या खिडक्या आहेत. एसी बसवायचा म्हणून आपण त्या बंद करत सुटलोय.

रबाळे_सेफ्टी

अगदी बरोबर. आमच्या भाषेत आधी हवेचा बंदोबस्त, मग वेळापत्रक, आणि मास्क सगळ्यात शेवटी.

रबरी किंवा सिलिकॉनचे अर्ध्या चेहऱ्याचे मास्क येतात, फिल्टर बदलता येणारे. दाब सारखा वाटला जातो, पुसून पुन्हा वापरता येतात, वर्षाचा हिशोब केला तर स्वस्त पडू शकतात. बोलायला मात्र त्रास होतो. आणि बहुतेकांना श्वास सोडायची झडप असते. ती घालणाऱ्याला आराम देते पण त्याचा श्वास न गाळता बाहेर सोडते. म्हणूनच जुलै २०२० मध्ये केंद्राने झडपवाल्या एन-९५ बद्दल राज्यांना सावध केलं होतं. टीबी वॉर्डात, जिथे मास्क घालणाऱ्याला वाचवायचंय, तिथे विचार करायला हरकत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये नको.

वॉर्डसिस्टर

सगळ्यांचं वाचलं, इन्चार्ज सिस्टरना वाचूनही दाखवलं. मेट्रन मॅडमना अर्ज द्यायचं ठरलंय. मागण्या एवढ्याच: निदान तीन आकारांचे मास्क यावेत, छातीच्या वॉर्डातल्या प्रत्येकाची फिट टेस्ट व्हावी आणि त्यात मावशी-मामाही असावेत, कंत्राटी असोत की कायम. ड्युटीच्या मध्ये मास्क काढून पाणी प्यायची सुट्टी रोस्टरमध्येच लिहिलेली असावी, "जमलं तर जा" अशी तोंडी नको. त्या वेळात वॉर्ड कोण बघणार तेही लिहिलेलं असावं, नाहीतर कुणी उठणारच नाही. मास्क सैल करून दिवस ढकलणं मला चालणार नाही. आमच्यातल्या दोघींना टीबी झालेला मी बघितलाय.

मावशीच्या लेकी, आईला सांग, इन्फेक्शन पुन्हा झालं तर लघवीचं कल्चर (कुठला जंतू आहे ते बघायची तपासणी) करून घे, आपल्या मनाने गोळ्या नको. आणि ती कुठे आहे ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, जवळ असेल तर तिथल्या सिस्टरशी बोलते.

त्वचा_ओपीडी

अर्जाला फोटो जोडा. ड्युटी संपल्यावर मास्क काढल्या-काढल्या, उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, तारीख आणि किती तास मास्क होता ते लिहून. चेहरा ओळखू येऊ नये म्हणून डोळे झाका. कातडी फुटली असेल तर ओपीडीचा केसपेपर काढून नोंद करून घ्या, तोंडी तक्रार फायलीत जात नाही. फोटो नीट कसे काढायचे ते हवं असेल तर व्यनि करा, सांगते.

वॉर्डसिस्टर

करते. तिघींच्या नाकावर आत्ताच खपल्या आहेत, उद्याच्या मॉर्निंगनंतर त्यांचे काढून घेते.